बालाघाटातील पाऊलवाटा आणि पदभ्रमण पर्यटन

पदभ्रमण व सायकल पर्यटनाचा खरा पाया निसर्गसौंदर्य नसून वाटेवरील हक्क होय. इंग्लंडमध्ये १९४९ च्या कायद्याने सार्वजनिक पाऊलवाटांची नकाशावर अधिकृत नोंद सुरू झाली. १९६८ पासून घोडवाटांवर सायकलस्वारांनाही मुभा मिळाली. वाट खाजगी शेतातून जात असली, तरी परक्या वाटसरूस अडविता येत नाही. अहमदपूर परिसरातील बालाघाटाच्या माळावर चित्र वेगळे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४३ अन्वये तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतात. परंतु तो शेतजमीन धारण करणाऱ्यास, वहिवाटीसाठी. हौशी पदयात्री त्यात कोठेच बसत नाही. गावनकाशातील पाऊलवाटाही पुष्कळदा नांगराखाली गेलेल्या असतात. २०२१ मधील मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजनेचा हेतूही शेतीची वाहतूक हाच होता.