जुन्या स्पोर्ट्स मोटारीची पारख

घोड्याच्या बाजारात गिऱ्हाईक प्रथम दात पाहते. दातांवरून जनावराचे वय कळते. जुन्या मोटारीच्या बाबतीत वयाची चौकशी करण्याचे कारण नसते, ते नोंदणीच्या कागदावरच लिहिलेले असते. जाणून घ्यावयाचे असते ते निराळेच: एवढ्या वर्षांत तिची हाडे कितपत शाबूत राहिली आहेत? आणि नेमकी हीच गोष्ट सहजासहजी दिसत नाही. तकतकीत रंग, झळकणारे क्रोमियम आणि कातड्याची नवी बैठक यांच्या आड काय दडले आहे, हे शोधून काढण्यास थोडे पदार्थविज्ञान आणि थोडे रसायन लागते.

उदाहरणादाखल एम. जी. बी. ही इंग्लिश मोटार घेऊ. ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ती तयार होत होती. त्या अवधीत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेस गेल्या. मुळात ती दोन माणसांची उघडी गाडी. १९६५ पासून छप्पर असलेला जी. टी. हा प्रकारही मिळू लागला. त्यांतील पुष्कळ गाड्या अजून चालतात आणि इंग्लंड-अमेरिकेत त्यांची खरेदी-विक्री नित्य होत असते. इंग्लंडमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ रचनेत मोठा बदल न झालेल्या मोटारींना २०१८ पासून सक्तीच्या वार्षिक तपासणीतून सूट मिळाली आहे. याचा सरळ अर्थ असा की, अशी गाडी सुरक्षित आहे की नाही हे पाहणारा सरकारी डोळा आता तिच्यावर असेलच असे नाही. विकत घेणाऱ्याने तो स्वतःच व्हावयास हवे.

उंबरठ्याचे महत्त्व

एम. जी. बी.च्या आधीची एम. जी. ए. ही मोटार एका वेगळ्या पोलादी चौकटीवर उभी होती. वरचे कवच काढून घेतले तरी चौकट चाकांवर उभी राहील अशी तिची घडण. एम. जी. बी.त ही चौकट नाही. पत्र्याचे कवच हेच तिचे शरीर आणि तोच तिचा कणा. सुमारे एक मिलिमीटर जाडीचे पत्रे वाकवून व एकमेकांस जोडून त्यांच्या पोकळ पेट्या बनविलेल्या आहेत आणि सारा भार त्या पेट्यांवर आहे.

या रचनेचे मर्म कळण्यास काड्यापेटी पुरेशी आहे. आतला उघडा खण दोन्ही हातांत धरून पिळला तर तो सहज पिळला जातो. तोच वरच्या वेष्टनात सरकवला की एकदम ताठ होतो. बंद पेटी पिळास दाद देत नाही, उघडी देते. छप्पर नसलेली मोटार म्हणजे हा उघडा खण होय. छपराने जे काम केले असते ते मग दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेल्या दोन पोकळ पेट्यांना करावे लागते. इंग्रजीत या पेटीस ‘सिल’ म्हणतात, म्हणजे आपला उंबरठाच. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंच्या मध्ये उभा राहणारा तिसरा पत्रा अशी तिची बांधणी आहे. हा उंबरठा कुजला तर गाडी मधोमध खचू लागते, आणि अपघातात आतल्या माणसांचे रक्षण करील असे फारसे काही उरत नाही. म्हणून यंत्र कसे वाजते हे पाहण्याआधी गुडघे टेकून उंबरठा पाहावा. यंत्र बाहेर काढून दुरुस्त करता येते. शरीर दुरुस्त करणे हे त्याहून कितीतरी खर्चाचे व कौशल्याचे काम आहे. बहुतेक गिऱ्हाईके मात्र नेमका उलटा क्रम धरतात.

गंज कोठे लपतो

लोखंड गंजते म्हणजे काय होते? ओल्या पत्र्यावर एक लहानशी विद्युत्-घटमाला तयार होते. पत्र्याच्या एका भागातील लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच वाहत दुसऱ्या भागी जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. आता यातील चमत्कारिक गोष्ट पाहा. प्राणवायू जेथे भरपूर, तेथे लोखंड झिजत नाही. जेथे तो पोहोचत नाही तेथेच ते विरघळते. त्यामुळे उघड्या, वारा लागणाऱ्या पत्र्यापेक्षा ओल्या चिखलाखाली दबलेला पत्रा अधिक लवकर कुजतो. कोकण किनाऱ्यावरील घरांच्या छपरांवर हे कोणासही पाहता येईल. दोन पत्रे जेथे एकमेकांवर चढविलेले असतात त्या सांध्यात आणि खिळ्यांच्या टोप्यांभोवती गंज आधी धरतो.

पाण्यात मीठ असेल तर हा विद्युत्-प्रवाह अधिक सुलभ होतो आणि क्रियेस वेग येतो. इंग्लंडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात रस्त्यावरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. एम. जी. बी.च्या पुढच्या चाकाने उडविलेला हा खारट चिखल मडगार्डाच्या आत, दाराच्या पुढील खांबाच्या पायथ्याशी साचतो. तेथील आडपडद्याची रबरी पट्टी वाळून फाटली की वाट मोकळी होते आणि चिखल उंबरठ्याच्या पोकळीकडे सरकतो. तेथे तो महिनोन्महिने ओला राहतो. कुजण्यास आरंभ आतून होतो. बाहेर काही दिसत नाही.

पुढे दिसते ते रंगाखालील फोडासारखे उंचवटे. झिजलेल्या लोखंडापेक्षा त्याचा गंज कितीतरी पट अधिक जागा व्यापतो, म्हणून तो रंगास वर ढकलतो आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरला तर सांधा उकलतो. बाहेर वाटाण्याएवढा फोड दिसत असेल तर आतला पत्रा तळहाताएवढा गेला असण्याचा संभव असतो. आणखी एक जागा बैठकींच्या पाठीमागील गालिचाखाली आहे. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत तेथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बसवीत. त्यांच्यातून सांडलेल्या आम्लाने खालच्या पेट्या खाल्लेल्या आढळतात. कॅलिफोर्निया किंवा ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशांतून इंग्लंडात परत आलेल्या गाड्या या बाबतीत सहसा निर्दोष असतात. त्यांचे रबर व बैठकी मात्र उन्हाने करपलेल्या असतात. पण हा दोष त्या मानाने स्वस्त होय.

चुंबक आणि जॅक

कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्याऐवजी भोकावर राळेची पुट्टी भरून वर रंग देण्याची युक्ती जुनीच आहे. डोळा फसतो, पण चुंबक फसत नाही. एक लहान चुंबक पातळ कापडात गुंडाळावा, म्हणजे रंगास ओरखडा पडणार नाही, आणि तो मडगार्डाच्या खालच्या भागावरून, दाराच्या खालच्या काठावरून व उंबरठ्यावरून हळूहळू फिरवावा. पोलादाशी त्याची ओढ स्पष्ट जाणवते. पुट्टीचा थर आला की ती मंदावते किंवा नाहीशी होते. मात्र सुरुवातीच्या काही वर्षांत एम. जी. बी.चे बॉनेट ॲल्युमिनिअमचे असे. त्यास चुंबक चिकटला नाही म्हणून विकणाऱ्यावर आळ घेऊ नये.

चुंबकासही एक लबाडी कळत नाही. कुजलेला उंबरठा तसाच ठेवून त्यावर नव्या पत्र्याचे आवरण जोडले तर चुंबक खुशाल चिकटतो, कारण वरचे पोलाद खरेच पोलाद असते. मूळ उंबरठा पुढे व मागे मडगार्डांच्या आत शिरलेला आहे. तो यथायोग्य बदलावयाचा तर मडगार्डाचा खालचा भाग कापावाच लागतो. हे काम झाले असेल तर त्याची छायाचित्रे व पावत्या बहुधा जपून ठेवलेल्या असतात, त्या मागाव्यात. नंतर दाराच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे, आणि उंबरठ्याखालील मूळ जागीच जॅक लावून ती बाजू सावकाश उचलावी. करकर आवाज येऊन जॅक आत रुतू लागला तर तेथेच थांबावे, निकाल लागलाच. गाडी उचलली गेली तर दार उघडून-लावून पाहावे. शरीर धड असेल तर दार पूर्वीइतकेच सहज लागते. ते अडू लागले किंवा फट उघड बदलली तर पेटीचा पिळास होणारा विरोध संपला आहे असे समजावे. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली शिरणे हा मात्र जिवाशी खेळ आहे. ते कधीही करू नये.

यंत्राची परीक्षा

शरीर पसंत पडले तरच यंत्राकडे वळावे. १७९८ घनसेंटिमीटरचे हे चार सिलिंडरचे यंत्र दणकट म्हणून प्रसिद्ध आहे. १९६४ पर्यंत त्याच्या दंडास तीन मुख्य बेअरिंगे होती, पुढे पाच झाली. गिऱ्हाईक येण्यापूर्वीच यंत्र तापवून ठेवण्याची विक्रेत्यांना सवय असते, कारण थंड यंत्राचा पहिला मिनिट फार बोलका असतो. म्हणून प्रथम हात लावून ते थंडच आहे याची खात्री करावी. सुरू होताच निळसर धूर निघाला तर तेल जळत आहे. काळा निघाला तर पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. आणि यंत्र तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर थंडाव्याचे पाणी सिलिंडरात उतरत असावे.

तेलाच्या दाबाचा काटा पाहावयाचा तो यंत्र पुरते तापल्यानंतर. थंड तेल घट्ट असल्याने कसलेही यंत्र तेव्हा चांगला दाब दाखविते. तापल्यावर तेल पातळ होते, आणि बेअरिंगे झिजून त्यांतील फटी रुंदावल्या असतील तर ते त्यांतून सहज निसटते व काटा खाली येतो. वेगात असताना दर चौरस इंचास ५० ते ८० पौंड आणि उभ्या जागी मंद चालताना १० ते २५ पौंड दाब असावा. स्पार्क प्लगच्या जागी दाबमापक लावून चारही सिलिंडरांचा दाब घेता आला तर उत्तम. येथे चारही आकडे जवळपास सारखे आहेत की नाहीत हे मुख्य. एखाद्याचा दाब कमी असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा मोजावे. तो वाढला तर दोष पिस्टनच्या कड्यांत आहे. न वाढला तर बहुधा झडपांत.

झडपांचा विषय निघालाच आहे, तर विकणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा. या यंत्राच्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत आणि त्याचा सूक्ष्म लेप झडपांच्या बिडाच्या बैठकींचे रक्षण करी. इंग्लंडात असे पेट्रोल १९९९ अखेर सर्वसाधारण विक्रीतून गेले. त्यानंतर कठीण पोलादाच्या बैठकी बसवून घेतल्या आहेत काय, नसल्यास पेट्रोलमध्ये दुसरे रक्षक द्रव्य घालतात काय, हे कळले पाहिजे.

गिअरबॉक्सविषयी इतकेच की १९६७ पूर्वीच्या गाडीत गती असताना पहिला गिअर टाकला तर कुरकुर होते. तो रचनेचा गुण आहे, बिघाड नव्हे.

तारांची चाके असतील तर पेन्सिलीने एकेक तार वाजवावी. ताणलेली तार स्वच्छ नाद देते, सैल तार बद्द वाजते. मग पुढचे चाक जमिनीपासून उचलून वर व खाली धरून हलवावे. चाक डुलत असेल तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा, हा प्रश्न उरतो. त्याचा उलगडा सोपा आहे. सोबत्याने ब्रेक दाबून धरावा. डुलणे थांबले तर बेअरिंग सैल, न थांबले तर बहुधा किंगपिन झिजलेला. या किंगपिनांना वेळोवेळी ग्रीस द्यावे लागते. ते दिलेले दिसत नसेल तर बाकीच्या निगेविषयीही अंदाज बांधता येतो.

उंबरठा कामातून गेला असला तरी गाडी भंगारात काढलीच पाहिजे असे नाही. १९८८ पासून इंग्लंडमध्ये जुन्याच साच्यांवर एम. जी. बी.ची संपूर्ण नवी शरीरे काढली जाऊ लागली आणि त्यांत जुने यंत्र, चाके व उपकरणे बसवून पुष्कळ गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. मात्र असा बेत असेल तर जुन्या शरीराबद्दल एक पैसाही देऊ नये. जे काढून नव्या शरीरात बसविता येईल तेवढ्याचीच किंमत विकणाऱ्याशी ठरवावी.