आभाळ तेच, मग नुकसान का वाढतंय?



"गारा, पूर आधीही होते. आताच एवढं नुकसान का?" असं बरेच सभासद विचारतात. कारणं तीन आहेत.

*१) पाऊस बदलला.* हवा १ अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. म्हणून पडतो तेव्हा कोसळतोच. मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला की अतिवृष्टी. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्याने हे भोगलं. गोदाकाठाला तर वरून पाऊस आणि खालून नदी.

*२) शेतात उभा असलेला पैसा वाढला.* हे कारण आपण विसरतो. गारपिटीत ज्वारीचा एकर गेला तर एका हंगामाचा खर्च जातो. द्राक्ष, मोसंबी किंवा शेडनेटमधला बीजोत्पादनाचा प्लॉट गेला तर लाखांत जातं, वर कर्ज राहतं. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत बागायतदारांचं हेच झालं. गार तीच, पण तिच्याखालचं भांडवल मोठं.

*३) पाण्याची वाट बुजली.* नाले अरुंद झाले, बांध कोरले गेले, चर बुजले. पाणी शेतातच तुंबतं.

*भरपाईचा हिशोब बघा.* २०२५ मध्ये आपत्ती निधीचे निकष हेक्टरी असे होते: कोरडवाहू ८,५०० रु., बागायत १७,००० रु., फळबाग २२,५०० रु. म्हणजे बागेला एकरी फक्त ९,००० रु. तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच. २०२५ च्या खरिपात विमाही पीक कापणी प्रयोगावर ठरला. मंडळाची सरासरी चांगली राहिली, तर एकट्याचं बुडालेलं शेत त्यात दिसत नाही.

म्हणून सरकारी मदत आली तरी ती आधार आहे, खर्चाची भरपाई नाही. आपल्या हातात आहे ते करा:

✅ सोयाबीन रुंद वरंबा सरीवर (बीबीएफ) पेरा, उताराकडे चर काढा.
✅ सगळं रान एकाच वाणाचं, एकाच दिवशी पेरू नका. सगळं एकदम काढणीला येतं आणि एकाच पावसात सापडतं.
✅ सोयाबीनची गंजी उंचवट्यावर लावा, ताडपत्री आधीच आणून ठेवा.
✅ सगळं भांडवल एकाच बागेत घालू नका. नवी बाग कर्जावर लावताना एक वर्ष पीक गेलं तर हप्ता कुठून भरणार, हे आधी मांडा.
✅ ई-पीक पाहणी वेळेत करा. नोंद नसेल तर मदतीच्या वेळी अडचण येते.

शंका असल्यास याच नंबरवर व्हॉइस मेसेज पाठवा.

– कृषी सल्ला विभाग, जालना एमआयडीसी