शोधयादीत पहिला क्रमांक कोणाचा?

‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द संगणकाला दिला, की क्षणात शेकडो लेखांची यादी समोर येते. आपण उघडतो मात्र पहिले दोन-तीनच. मग त्यांना पहिले स्थान कोणी दिले? एका सूत्राने! हे सूत्र आपण समजून घेऊ.

‘लुसीन’ हे शोधाचे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर. डग कटिंग यांनी ते सर्वांना खुले केले. त्याच्या जुन्या पद्धतीत दोन गोष्टी पाहिल्या जात. शब्द लेखात जितका जास्त वेळा, तितके गुण अधिक. आणि शब्द जितक्या कमी लेखांत, तितके त्याचे मोल अधिक. ही दुसरी कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली होती.

पहिल्या गोष्टीसाठी लुसीन वारंवारितेचे वर्गमूळ घेई. म्हणजे शब्द १०० वेळा आला, तर एकदा आल्याच्या १० पट गुण. पण एकच शब्द घोळवणारा लेख खरोखर दहापट उपयोगी असतो का?

लंडनच्या सिटी विद्यापीठात स्टीफन रॉबर्टसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘बीएम२५’ हे सूत्र घडवले. लेखाची लांबी क्षणभर बाजूला ठेवली, तर त्याचा गाभा सोपा आहे : वारंवारिता भागिले (वारंवारिता + १.२). शब्द एकदा आला तर ०.४५, १० वेळा आला तर ०.८९, १०० वेळा आला तर ०.९९. शब्द कितीही वेळा येवो, उत्तर १ च्या पुढे जात नाही. जेवणात पहिल्या पोळीने जितकी भूक भागते, तितकी पाचवीने भागत नाही, तसेच हे!

मग जुने सूत्र काढून नवे का बसवले नाही? कारण सूत्राला लागणारी काही आकडेवारी, उदाहरणार्थ लेखांची सरासरी लांबी, लुसीनच्या सूचीत नोंदलेलीच नसे. २०१२ च्या ४.० आवृत्तीत ती सोय झाली आणि अनेक सूत्रांतून हवे ते निवडता येऊ लागले. २०१६ च्या ६.० आवृत्तीपासून, वेगळे काही न निवडल्यास, बीएम२५ च वापरले जाते. त्यातला १.२ हा आकडाही बदलता येतो. लांब लेखांचे गुण किती कापायचे, तेही ठरवता येते.

म्हणजे यादीचा क्रम हा निसर्गनियम नव्हे. तो कोणीतरी घेतलेला निर्णय आहे. लुसीनमध्ये एखाद्या लेखाला इतके गुण का मिळाले, याचा हिशेब मागता येतो. जिथे सूत्र झाकलेले असते, तिथे ही सोय नसते.

शिक्षकमित्रांना आम्ही सुचवू : पाच लहान उतारे घ्या, फळ्यावर दोन्ही सूत्रे मांडा आणि मुलांना क्रम लावू द्या. क्रम बदलला, तर का बदलला, हे त्यांनाच विचारा.