गॉलम गेम : ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं नाव असूनही गेम का आपटला?

समजा, वैजापूरमधल्या एखाद्या पोराने वर्षभर खाऊचे पैसे साठवले. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे सिनेमे त्याला पाठ आहेत. त्याच जगावरचा नवा गेम येतोय म्हटल्यावर त्याने रिलीजच्या आधीच पैसे भरले. गेम आला आणि पहिल्याच तासात त्याने डोक्याला हात लावला.

25 मे 2023 ला जगभरातल्या अनेक चाहत्यांचं असंच झालं. त्या दिवशी आला होता ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : गॉलम’.

कोणी बनवला हा गेम?

जर्मनीतल्या हॅम्बर्गच्या डेडॅलिक एंटरटेनमेंटने. या कंपनीचं नाव होतं ते ‘डेपोनिया’सारख्या गेम्ससाठी. म्हणजे माऊसने क्लिक करत कोडी सोडवायची आणि गोष्ट पुढे न्यायची. ‘गॉलम’मध्ये मात्र थ्रीडी जगात कडे चढायचे, उड्या मारायच्या, पहारेकऱ्यांपासून लपायचं. कंपनीसाठी हे कामच वेगळं होतं.

गेमची घोषणा 2019 ची. तो 2021 ला येणार होता, मग 2022 ठरलं आणि शेवटी 2023 उजाडलं. एवढं थांबूनही गेम अर्धाकच्चा निघाला. मध्येच बंद पडणं, जुनाट दिसणारे चेहरे, भलतीकडे फिरणारा कॅमेरा. मेटाक्रिटिकवर समीक्षकांनी त्याला 100 पैकी 40 सुद्धा गुण दिले नाहीत.

फक्त बग्जचाच प्रश्न होता का?

नाही. बग अपडेटने निघतो, पण इथे घोळ मुळातच होता. टॉल्किनच्या गोष्टीत गॉलमकडे ताकद नाही, तलवार नाही. त्याची खरी लढाई स्वतःशीच आहे, एका बाजूला गॉलम आणि दुसऱ्या बाजूला स्मीगल. गेममध्ये या दोघांचं भांडण आहे, काही ठिकाणी खेळणाऱ्याला बाजूही निवडता येते. पण बराच वेळ जातो तो मॉर्डॉरच्या कैदेत सांगकाम्यासारखी कामं करण्यात, म्हणजे मेलेल्यांच्या अंगावरचे बिल्ले गोळा करणं, जनावरं हाकणं.

शिवाय परवाना होता पुस्तकांचा, सिनेमांचा नाही. त्यामुळे सिनेमातला गॉलमचा चेहरा नाही आणि अँडी सर्किसचा आवाजही नाही. वर एल्फ लोकांनी त्यांच्या भाषेत बोलावं यासाठी जास्तीचे पैसे मागितले. त्यावरून चाहते आणखी भडकले.

पुढे काय झालं?

दुसऱ्याच दिवशी कंपनीने जाहीर माफी मागितली. गंमत म्हणजे त्या माफीनाम्यात गेमचं नावच चुकलं होतं, ‘रिंग्ज’चं ‘रिंग’ झालं होतं. साधारण महिनाभराने डेडॅलिकने स्वतः गेम बनवणं बंद केलं. 90 हून जास्त कर्मचाऱ्यांपैकी 25 जणांची नोकरी गेली. याच जगावरचा दुसरा गेमही रद्द झाला.

नाव मोठं नसलं तर?

उलटं उदाहरण पुण्यातच आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या टीमने ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ बनवला. हाताशी कुठल्याही प्रसिद्ध मालिकेचं नाव नव्हतं. 2017 मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्नही फसला. तरी 2020 ला गेम आला. भावाला शोधायला निघालेली मुलगी आणि पाठीशी दुर्गा, एवढीच गोष्ट. गेम काही तासांत संपतो, पण ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातल्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. टीमने झेपेल तेवढंच काम हातात घेतलं होतं.

पैसे अडकू नयेत म्हणून काय करायचं?

रिलीजनंतर दोन दिवस थांबा आणि कोणीतरी प्रत्यक्ष खेळतानाचा व्हिडिओ बघा. ट्रेलरवर जाऊ नका. स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर 14 दिवसांत पैसे परत मागता येतात. प्लेस्टेशन स्टोअरवर मात्र एकदा डाऊनलोड सुरू केलं, की गेम सदोष असल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.

आवडती गोष्ट कुठे पळून जात नाही. दोन दिवस उशिरा खेळली तरी चालते.