खांदे मागे, नजर समोर

‘‘काकू, खांदे मागे! जमिनीवर काही पडलंय का?’’ शिकवणारी पोरगी टाळी वाजवून ओरडली आणि आम्ही साऱ्याजणी खो खो हसलो. हसता हसता माझ्या मात्र घशाशी काहीतरी आलं.

निमित्त आमच्या महिला मंडळाचं. नवरात्रात दरवर्षी रांगोळी, पाककृती, नाहीतर उखाणे. गेल्या वर्षी कुणीतरी टूम काढली, साड्यांचा फॅशन शो करू या! कोल्हापूरहून एक मुलगी आठवडाभर शिकवायला आली.

माझी उंची पाच फूट आठ इंच. आमच्या गावात मुलीच्या जातीला हा गुन्हाच. शाळेत होते तेव्हापासून आई म्हणायची, ‘जरा वाकून चाल गं.’ १९९२ साली नागपूरची मधु सप्रे ‘मिस युनिव्हर्स’मध्ये तिसरी आली, तेव्हा पेपरातला तिचा फोटो मी आईपुढे धरला. आई म्हणाली, ‘‘तिचं तिला शोभतं. तुला स्थळं बघायचीत.’’ सहा ठिकाणी उंचीवरून नकार आला. सातवे हे, माझ्यापेक्षा इंचभर कमी. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने ह्यांना पाटावर उभं केलं आणि माझा शालू पुढे पसरून पाट झाकला. तेव्हापासून माझी चप्पल सपाट आणि पाठ वाकलेली.

रॅम्पवर चालायचं म्हणजे कंबर हलवायची, एवढंच मला ठाऊक. पण तसं नसतं. पोरीने हॉलमध्ये खडूने लांब रेघ ओढली. एक पाऊल रेघेवर, दुसरं बरोबर त्याच्यापुढे. पावलं अशी पडली की कंबर आपोआप हलते. मुद्दाम हलवली की ओंगळ दिसतं. हात सैल, नजर समोर एका जागी. आम्ही ती भिंतीवरच्या घड्याळावर धरली. टोकाला गेल्यावर थांबायचं, भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल, आणि मनात एक-दोन-तीन. फोटो काढणाऱ्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो. मग वळायचं, आधी अंग आणि सगळ्यात शेवटी मान.

हे एक-दोन-तीनच सर्वांत अवघड, बरं का! सगळे आपल्याकडे बघताहेत आणि आपण काही करायचं नाही. पदरसुद्धा सावरायचा नाही. उभ्या आयुष्यात कधी केलंय का आपण असं?

साडीचं गणित वेगळंच. टाचेची चप्पल आधी घालायची, मग साडी नेसायची, नाहीतर निऱ्या वर चढून घोटे उघडे पडतात. नव्या चपलेचा तळ काचपेपरने घासायचा, म्हणजे फरशीवर घसरगुंडी होत नाही. नऊवारीत तर मजाच. काष्ट्यामुळे पाय मोकळे, पाऊल कसं ऐटीत पडतं!

माझे खांदे मात्र काही मागे जाईनात. मग तिने मला भिंतीला टाचा, पाठ, डोकं टेकवून उभं केलं. पाच मिनिटांत पाठ भरून आली. तीस वर्षांची सवय ती! घरीही मी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओट्याशेजारच्या भिंतीला टेकून उभी राहू लागले. मुलगा म्हणाला, ‘‘आई, शिक्षा झालीय का?’’

चप्पल घ्यायला हे बरोबर आले. मी एक इंची टाच उचलली. हे दुकानदाराला म्हणाले, ‘‘अडीच इंचीत दाखवा.’’

अष्टमीला हॉल भरला होता. पहिल्या रांगेत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. टोकाला गेले, घड्याळाकडे बघत तीन आकडे मोजले. टाळ्या ऐकू आल्या, आईचा चेहरा काही दिसला नाही. बक्षीस नऊवारीतल्या अडुसष्ट वर्षांच्या काकूंनी पटकावलं, आणि ते रास्तच होतं.

शेवटी जोडप्याने फोटो. फोटोग्राफर म्हणाला, ‘‘वहिनी, तुम्ही खुर्चीवर बसा, साहेब मागे उभे राहतील.’’ मी सवयीने चप्पल काढायला वाकले. तेवढ्यात आई म्हणाली, ‘‘राहू दे गं. नीट उभी राहा.’’

हे शेजारी येऊन उभे राहिले. फोटोत माझ्या भुवईपर्यंत येतात. तो आता बाहेरच्या खोलीत लावलाय, लग्नाच्या फोटोशेजारीच.