लांब पल्ल्याच्या मोटारसायकलसाठी नवीन टायर कसा निवडावा?

या पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील :
१. टायरच्या बाजूवरील मजकुराचा अर्थ लावणे.
२. सामान व सहप्रवासी असताना प्रत्येक चाकावर येणारा भार काढणे.
३. टायरचे माप बदलल्यास काय परिणाम होतात ते आकडेमोडीने सांगणे.
४. टायरचे वय, रचना व नक्षी पाहून योग्य निवड करणे.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, दरवर्षी परीक्षा संपल्या की आमच्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये मोटारसायकलींची तयारी सुरू होते. कोणी लेहला निघतो, कोणी स्पितीला, कोणी मेघालयात, तर कोणी कोकणात. तेल बदलले जाते, चेन घट्ट केली जाते, सामानाच्या पेट्या बसवल्या जातात. टायरकडे मात्र फक्त एक नजर टाकली जाते : "नक्षी आहे ना? मग चालेल."

हेच वाक्य मीही एकदा म्हटले होते. जुलै २०१६ मध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ आंबोली घाट उतरत होतो. मोटारसायकल मी जुनी विकत घेतली होती आणि तिच्या पुढच्या टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती. वेग जेमतेम ताशी ४० किलोमीटर. ओल्या वळणावर ब्रेकला बोट लावले आणि पुढचे चाक सरकले. मला खरचटण्यावर निभावले; मागे बसलेल्या भावाच्या गळ्याजवळचे हाड मोडले. घरी आल्यावर टायर पुसून बाजूचा मजकूर वाचला. शेवटचे चार अंक होते २४०९. म्हणजे टायर २००९ सालच्या २४ व्या आठवड्यात बनलेला होता. नक्षी शाबूत होती, पण रबर सात वर्षांचे आणि नखाने दाबले तरी न दबणारे झाले होते. हे चार अंक मी गाडी घेतानाच वाचू शकलो असतो.

टायर नुसता पाहून निवडायचा नसतो, तो वाचून आणि गणित करून निवडायचा असतो. ही गोष्ट या पाठात आपण क्रमाने समजून घेऊ.

२. टायरच्या बाजूवर काय लिहिलेले असते?

उदाहरण म्हणून एक पूर्ण निर्देश घेऊ : १२०/९०-१७ ६४एस. रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११ या गाडीच्या मागच्या चाकाचे माप १२०/९०-१७ हेच आहे.

- १२० : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये.
- ९० : टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते. येथे १२० च्या ९० टक्के, म्हणजे १०८ मिलिमीटर.
- - (आडवी रेघ) : बायस रचना. तिच्या जागी 'आर' हे अक्षर असल्यास रेडियल रचना.
- १७ : रिमचा व्यास, इंचांमध्ये.
- ६४ : भार निर्देशांक. हे किलोग्रॅम नव्हेत. तक्त्यातील क्रमांक आहे. ५४ म्हणजे २१२, ५८ म्हणजे २३६, ६२ म्हणजे २६५ आणि ६४ म्हणजे २८० किलोग्रॅम.
- एस : वेगाची मर्यादा. पी म्हणजे ताशी १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४० किलोमीटर.

याशिवाय ट्यूबलेस आहे की ट्यूबचा, फिरण्याची दिशा दाखवणारा बाण, आयएसआय चिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष दाखवणारे चार अंक हेही बाजूवरच सापडतात. दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या टायरसाठी भारतीय मानक आयएस १५६२७ हे आहे.

३. प्रवासात भार कोणत्या चाकावर वाढतो?

"सामान वाढले, म्हणजे दोन्ही टायरवर थोडा थोडा भार वाढला" असा अनेकांचा समज असतो. पहिल्या वर्षाच्या इंजिनीअरिंग मेकॅनिक्समधील आघूर्णाचा नियम लावून हा समज तपासू.

उदाहरण १. दोन चाकांच्या आसांमधील अंतर १.४५ मीटर आहे असे धरू. पुढच्या आसापासून मागे मोजलेली अंतरे अशी :

- गाडी (इंधनासह) २०० किलो, अंतर ०.७२ मीटर
- चालक ७५ किलो, अंतर ०.९५ मीटर
- सहप्रवासी ६५ किलो, अंतर १.२५ मीटर
- मागच्या रॅकवरचे सामान ३० किलो, अंतर १.५० मीटर

*फक्त चालक असताना :* एकूण आघूर्ण = १४४ + ७१.२५ = २१५.२५. मागच्या चाकावरील भार = २१५.२५ ÷ १.४५ = सुमारे १४८ किलो. एकूण वजन २७५ किलो, म्हणून पुढच्या चाकावर १२७ किलो.

*पूर्ण भार असताना :* एकूण आघूर्ण = १४४ + ७१.२५ + ८१.२५ + ४५ = ३४१.५. मागच्या चाकावरील भार = ३४१.५ ÷ १.४५ = सुमारे २३६ किलो. एकूण वजन ३७० किलो, म्हणून पुढच्या चाकावर १३४ किलो.

गाडीवर ९५ किलो वाढले, त्यांपैकी सुमारे ८७ किलो मागच्या टायरवर गेले आणि पुढच्यावर जेमतेम ८. सामान तर मागच्या आसाच्याही पलीकडे असल्यामुळे ते पुढचे चाक किंचित उचलू पाहते. म्हणून जास्तीचे सामान शक्यतो आसांच्या मध्ये, खाली आणि पुढे बांधावे.

आता निवड. २३६ किलोसाठी ५८ हा निर्देशांक कागदावर पुरतो, पण हाताशी काहीच शिल्लक राहत नाही. खड्ड्यात आदळताना भार क्षणभर याहून कितीतरी वाढतो. ६४ निर्देशांकाचा टायर २८० किलो पेलतो. म्हणजे सुमारे १६ टक्के क्षमता शिल्लक राहते. गाडीबरोबर मूळ आलेल्या टायरपेक्षा कमी भार निर्देशांकाचा किंवा कमी वेग-अक्षराचा टायर कधीही बसवू नये.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे ही क्षमता टायरवर छापलेल्या हवेच्या दाबालाच मिळते. हवा कमी असेल तर क्षमताही कमी होते, बाजू जास्त वाकते, रबर तापते. सहप्रवासी असताना किती हवा भरावी हे गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिलेले असते. हवा नेहमी टायर थंड असताना मोजावी. २० अंश तापमानाला ३२ पीएसआय असलेला टायर ५० अंशांपर्यंत तापला, तर स्थिर घनफळाच्या नियमाने दाब सुमारे ३७ पीएसआय दिसतो. ही वाढ पाहून "हवा जास्त झाली" म्हणून ती सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावतो.

४. रुंद टायर बसवावा का?

"एक साइज मोठा टाका, पकड वाढेल" हा सल्ला सर्रास मिळतो. दोन मापांची तुलना करू.

उदाहरण २. १२०/९०-१७ : रिमचा व्यास १७ × २५.४ = ४३१.८ मिलिमीटर. बाजू दोन वेळा, म्हणजे २ × १०८ = २१६. एकूण व्यास ६४७.८, परीघ सुमारे २०३५ मिलिमीटर.

१४०/८०-१७ : बाजूची उंची ११२. एकूण व्यास ६५५.८, परीघ सुमारे २०६० मिलिमीटर.

परिघातील फरक फक्त १.२ टक्के, त्यामुळे आकड्यांत हे माप बसल्यासारखे वाटते. पण अडचणी इतरत्र आहेत.

पहिली अडचण रिमची. प्रत्येक टायरसाठी रिमच्या रुंदीची एक मर्यादा ठरलेली असते. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत खेचल्या जातात आणि टायरचा माथा टोकदार होतो. मग सरळ जाताना जमिनीला टेकणारा भाग उलट अरुंद होतो आणि वळताना गाडी अनपेक्षितपणे कलते.

दुसरी अडचण जागेची. चेन, मडगार्ड आणि स्विंगआर्मपासून टायरला मोकळी जागा हवी. गाडी स्टँडवर असताना ती पुरेशी वाटते. पूर्ण भारात, चिखल चिकटल्यावर ती संपते.

तिसरी अडचण एबीएसची. भारतात १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून एबीएस बंधनकारक झाले. दोन्ही चाकांवर एबीएस असेल तर ही यंत्रणा त्यांच्या गतींची तुलना करते. एकाच चाकाचा परीघ बराच बदलला तर तिचा हिशेब चुकू शकतो.

म्हणून नियम साधा आहे : मूळ माप ठेवावे. बदलायचेच असल्यास गाडीच्या किंवा टायरच्या उत्पादकाने मान्य केलेलेच पर्यायी माप घ्यावे.

५. नक्षी : कोणत्या रस्त्यासाठी?

लांब प्रवासाच्या टायरचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

*रस्त्याचे टायर :* नक्षी उथळ, रबर सलग. महामार्गावर शांत, ओल्या डांबरावर चांगले. यांतील काहींमध्ये मधला पट्टा कठीण रबराचा आणि कडा मऊ रबराच्या असतात; मध्ये झीज कमी होते आणि वळणावर पकड मिळते.

*मिश्र टायर :* खाचा रुंद, ठोकळे मोठे. डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही निभावतात.

*बटण टायर :* उंच, सुटे ठोकळे. चिखलात आणि खडीत उत्तम. डांबरावर मात्र ठोकळे भाराखाली वाकतात, आवाज करतात, लवकर झिजतात आणि जमिनीला टेकणारे रबर मुळातच कमी असते.

लेहला जाणारा विद्यार्थी फोटो पाहून बटण टायर घेतो. त्याने आधी प्रवासाचे किलोमीटर मांडावेत. घरापासून मनालीपर्यंत आणि परत, बहुतेक सर्व रस्ता डांबरी असतो, तोही पावसाळ्याच्या महिन्यांत. शिवाय कच्च्या रस्त्यावर वेग ताशी ३० असतो आणि डांबरावर ७०. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे ७० ला ती ३० च्या सुमारे साडेपाच पट होते. कच्च्या रस्त्यावर घसरलो तर बहुधा गाडी उचलून पुढे जातो; ओल्या महामार्गावर घसरलो तर मागून ट्रक येत असतो. जिथे चूक सर्वात महाग पडते, त्या रस्त्यासाठी टायर निवडावा. अशा प्रवासाला मिश्र टायर बहुतेकांना पुरतो.

६. वय, झीज आणि जोडी

*वय :* न वापरताही रबर हवेतील ऑक्सिजन, ओझोन आणि उष्णतेमुळे कडक होते. ओल्या रस्त्यावरची पकड रबर डांबराच्या बारीक खडबडीतपणात किती दबते यावर अवलंबून असते; कडक रबर दबत नाही. दुकानात चार अंक स्वतः वाचावेत आणि जुना साठा नाकारावा. पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षांनंतर, नक्षी कशीही असो, वापर बंद, असा सल्ला अनेक उत्पादक देतात. ही दहा वर्षे वरची मर्यादा आहे; रबर कडक झाले असेल किंवा भेगा दिसत असतील तर टायर त्याआधीच बदलावा. माझा टायर सात वर्षांचाच होता.

*झीज :* केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. हा कायद्याचा तळ आहे. टायर पार गोटा होईपर्यंत थांबणे लांबच्या प्रवासाला परवडत नाही. नक्षी पाणी बाहेर फेकते, म्हणून पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावा. महामार्गावर खूप चाललेला मागचा टायर मध्ये सपाट होतो. मग गाडी वळणात कलायला आधी नकार देते आणि नंतर एकदम कलते.

*जोडी :* पुढे रेडियल आणि मागे बायस अशी सरमिसळ उत्पादकाने सांगितल्याशिवाय करू नये. तारांच्या साध्या रिममधून हवा निसटते, म्हणून तिथे ट्यूब लागते. ट्यूब फुटली की हवा झटकन जाते. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतला तरी ती बहुधा हळूहळू जाते. त्यामुळे ट्यूबच्या गाडीवर प्रवासाला निघण्यापूर्वी चाक काढून पंक्चर काढायची सवय करावी आणि नव्या टायरबरोबर ट्यूबही नवी घ्यावी.

बसवताना बाणाची दिशा पाहावी, चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि पहिले १०० ते १५० किलोमीटर जपून चालवावे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. म्हणून प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी टायर बदलू नये.

७. सारांश

खरेदीला जाताना क्रम असा ठेवावा : माप, भार निर्देशांक, वेगाचे अक्षर, ट्यूब की ट्यूबलेस, उत्पादनाची तारीख, आणि सर्वात शेवटी नक्षी व किंमत. आपण बहुतेक जण हा क्रम उलटा लावतो. उदाहरण १ मधील पुढच्या चाकावर १३४ किलो भार आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो धरला, तर जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने ६७ चौरस सेंटिमीटर येतो, म्हणजे तळहाताएवढा. घाटातल्या वळणावर आपण आणि मागे बसलेला माणूस तेवढ्या रबरावर विसंबून असतो.

स्वाध्याय

१. आपल्या किंवा मित्राच्या गाडीच्या दोन्ही टायरवरील मजकूर लिहून घ्या व प्रत्येक भागाचा अर्थ सांगा. टायर किती आठवड्यांचे आहेत?
२. उदाहरण १ मध्ये ३० किलो सामानापैकी १५ किलो पुढच्या आसापासून ०.६० मीटर अंतरावर (टाकीच्या बाजूंना) बांधले, तर दोन्ही चाकांवरील भार काढा.
३. १२०/९०-१७ ऐवजी १३०/८०-१७ बसवल्यास परीघ किती टक्क्यांनी बदलेल? वेगमापक मागच्या चाकावरून वेग मोजत असेल, तर तो जास्त दाखवेल की कमी?
४. आपल्या गावापासून आखलेल्या एका प्रवासाचे डांबरी, कच्चे आणि घाटाचे किलोमीटर मांडा आणि टायरचा प्रकार कारणांसह निवडा.