दाखवायचे दात, खायचे दात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझे तीन कवितासंग्रह निघाले. तिन्हींच्या मलपृष्ठावर माझा फोटो आहे आणि तिन्ही फोटोंत माझे ओठ घट्ट मिटलेले आहेत. कवी फार गंभीर प्रकृतीचा दिसतो, असं वाचकांना वाटलं असेल. खरं कारण होतं वरचा पुढचा दात. सतराव्या वर्षी आर्वीच्या रस्त्यावर सायकलवरून पडलो आणि तो निम्मा तुटला. तेव्हापासून हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. नोकरी लागल्यावर एका शहरातल्या दवाखान्यात गेलो. कोणत्या, ते सांगत नाही. तिथं तो तुटका दात घासला आणि आधाराला म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंचे चांगले दातही घासून बारीक केले. वर तीन जोड टोप्या बसवल्या. मला कोणी विचारलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. आरशात बघून खूश झालो. बारा वर्षांनी एका कविसंमेलनात ऐन रंगात आलेल्या ओळीवर त्या तीन टोप्या माझ्या तळहातावर आल्या. आतले दात किडलेले होते. एक तर आधीच तुटलेला होता. पण शेजारचे दोघे बिचारे निरपराध होते.

हे सगळं आठवायचं कारण माझी धाकटी मुलगी. आम्ही राहतो तळेगावला. महाराष्ट्रात तळेगावं पुष्कळ. पुण्याकडचं दाभाडे यांचं, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं दशासर आणि आमचं वर्धा जिल्ह्यातलं श्यामजी पंत, नागपूर-अमरावती महामार्गावरचं. मुलगी प्राथमिक शाळेत शिकवते. तिचा वरचा उजवा सुळा बाहेर आलेला आणि त्याच्या शेजारचा दात आत दडलेला, एवढाच काय तो दोष. निकाह ठरला, तारीख चार महिन्यांवर आली आणि घरातल्या बायकांना तो सुळा एकाएकी फार मोठा दिसू लागला. तिच्या फुफीनं एक जाहिरात आणली : दोन भेटींत नवं हास्य. म्हणजे व्हीनीअर. मुलीच्या एका मैत्रिणीनं सांगितलं, ते नको, हल्ली पारदर्शक अलायनर मिळतात. घरात दोन पक्ष पडले. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेला माणूस, दातांतलं मला काय कळणार? पण माझ्या तीन दातांची आठवण होती, म्हणून या वेळी प्रश्न विचारायचे असं ठरवलं. दोन-तीन ठिकाणी विचारून जे समजलं, ते आपल्यापुढं ठेवतो.

व्हीनीअर म्हणजे सिरॅमिकची किंवा कॉम्पोझिट नावाच्या भरणाची पातळ चकती. दाताच्या दर्शनी बाजूला ती चिकटवतात. भिंतीला टाइल लावावी तसा हा प्रकार. त्याचा जन्म सिनेमासाठी झाला. 1920 च्या दशकाच्या अखेरीस हॉलिवूडमधले चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर अशा चकत्या बसवू लागले. कवळी चिकटवायची पूड लावून त्या बसवायच्या आणि चित्रीकरण संपलं की काढून ठेवायच्या. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे नि खायचे वेगळे, ही म्हण जणू त्यांच्यासाठीच! चकती दातावर कायमची टिकावी ही सोय पुढं झाली. 1955 साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवून दिलं, की आम्लानं दाताचा पृष्ठभाग खरबरीत केला तर त्यावर भरण घट्ट धरतं. 1980 च्या दशकात पोर्सेलीनच्या चकत्या याच युक्तीनं पक्क्या बसू लागल्या. तेव्हापासून व्हीनीअर जेवतानाही तोंडात राहू लागलं.

पण टाइल लावायला भिंत आधी तासावी लागते. चकतीला जागा व्हावी म्हणून दाताचं वरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर घासतात. ऐकायला हे काहीच वाटत नाही. पण पुढच्या दातांवर मुळात ते कवचच जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतं, हिरडीपाशी त्याहूनही कमी. आणि इनॅमल पुन्हा येत नाही. नख वाढतं, केस वाढतात, मोडलेलं हाड सांधतं. शरीराला इनॅमल मात्र दुसऱ्यांदा बनवता येत नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात उगवतानाच संपून जातात. म्हणून एकदा घासलेल्या दाताला जन्मभर काही ना काही आवरण लागतंच. चांगलं बसवलेलं सिरॅमिक व्हीनीअर दहा-पंधरा वर्षं, कधी त्याहूनही जास्त टिकतं. मग बदलायचं. पंचविशीत बसवणाऱ्या मुलीनं आयुष्यात किती वेळा बदलायचं, याचा हिशोब ती जाहिरात सांगत नव्हती.

वाकड्या दाताच्या बाबतीत आणखी एक मेख आहे. बाहेर आलेला सुळा चकती लावून रांगेत दाखवायचा, तर तो जास्त घासावा लागतो. कवच संपून आतला दंतिन उघडा पडतो. तिथं चकतीची पकड इनॅमलइतकी पक्की नसते, दात थंड-गरमला ठणकू लागतो, आणि फारच खोल गेलं तर रूट कॅनॉलची पाळी येते. भिंत वाकडी असेल तर टाइल लावून ती सरळ दिसते, सरळ होत नाही. इंग्लंडची तरुण मंडळी स्वस्तात शुभ्र हास्य मिळतं म्हणून तुर्कस्तानला जातात, त्यांच्या हकिगती अलीकडच्या वर्षांत बऱ्याच छापून आल्या. चांगले दात खुंट्यांसारखे घासून वर टोप्या घातलेल्या. त्या वाचताना मला माझा तळहात आठवला.

अलायनरचा मार्ग निराळा. तो दाताला हात लावत नाही, त्याची जागा बदलतो. आपण समजतो, दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला आहे. तसं नसतं. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा अगदी बारीक थर असतो, त्यावर दात जणू झुल्यात बसलेला असतो. एका बाजूनं हलका, सतत दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड हळूहळू झिजतं आणि मागं जी जागा रिकामी होते तिथं नवं हाड भरतं. दात सरकतो. हे घाईनं होत नाही. जोर जास्त लावला तर मुळालाच इजा होते. तारा लावतात तेव्हाही हेच घडतं. फरक एवढाच, की तारेऐवजी इथं प्लॅस्टिकचे पारदर्शक साचे. संगणकावर दातांची आजची रांग आणि हवी ती रांग आखतात आणि मधल्या पायऱ्यांचा एकेक साचा बनवतात. एक साचा एखाद-दोन आठवडे घालायचा; तेवढ्यात दात साधारण पाव मिलिमीटर हलतो. मग पुढचा.

ही कल्पनाही तशी जुनी. 1945 साली केसलिंग नावाच्या अमेरिकी दंतवैद्यांनी रबराच्या साच्यांनी दात थोडे थोडे सरकवता येतील, असं मांडलं होतं. पण दर पायरीचा साचा हातानं घडवणार कोण? संगणकानं ते सोपं केलं. झिया चिश्ती हे पाकिस्तानी वंशाचे गृहस्थ. मोठेपणी दातांना तारा लावून घेतल्या, नंतरचा प्लॅस्टिकचा साचा वापरताना त्यांच्या डोक्यात ही युक्ती आली. दंतशास्त्राचं शिक्षण नव्हतं. 1997 साली त्यांनी केल्सी वर्थ यांच्यासोबत कंपनी काढली आणि ‘इनव्हिजलाइन’ बाजारात आलं. आता आपल्याकडच्याही कंपन्या असे साचे बनवतात.

अलायनरच्या गैरसोयी मी घरात पाहिल्या. दिवसाचे वीस ते बावीस तास तो तोंडात हवा. खाताना काढायचा, दात घासून पुन्हा घालायचा. तो घालून पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. गरम चहानं प्लॅस्टिक वाकतं, रंगतं, आणि गोड पेय आत अडकून दात किडतात. आमच्याकडं दिवसातून सहा वेळा चहा होतो, पाहुणा आला की सातवा. मुलीचा चहा दोनवर आला. शिवाय काढलेला साचा कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला की तो पत्रावळीबरोबर उकिरड्यावर जातो, हेही एका लग्नात कळलं. सगळं संपल्यावर दात जुन्या जागी परतू पाहतात, म्हणून रात्री रिटेनर घालावा लागतो तो वर्षानुवर्षं. ज्याला शिस्त नाही त्यानं या वाटेला जाऊ नये. सगळेच दात अलायनरनं हलतात असंही नाही. फार वेडेवाकडे असतील किंवा जबड्याचाच दोष असेल तर साध्या तारा बऱ्याचदा जास्त भरवशाच्या, आणि स्वस्तही.

कवीला खटकली ती गोष्ट उच्चाराची. पहिले काही दिवस मुलीचा ‘स’ पसरट झाला. मराठीत तर दोन ‘च’ आहेत. ‘चार’मधला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, ‘चाक’ म्हणताना जीभ वरच्या दातांमागं टेकते, आणि तिथं नेमकं प्लॅस्टिक. शाळेतल्या एका मुलानं विचारलं, “मॅडम, तुमच्या तोंडात काच आहे का?” मी तिला रोज अर्धा तास मोठ्यानं वाचायला लावलं. आठ-दहा दिवसांत जीभ रुळली.

आमच्या अम्मीचा प्रश्न वेगळाच होता. केवळ सौंदर्यासाठी दातांत फटी पाडून घेणाऱ्यांचा हदीसमध्ये निषेध आहे, तर हे चालेल का? जाणत्यांना विचारलं. दोष दुरुस्त करणं वेगळं आणि धडधाकट अवयवाला नटवण्यासाठी बदलणं वेगळं, असा भेद बहुतेक जण करतात. गंमत म्हणजे दंतवैद्यानं वेगळ्या शब्दांत तेच विचारलं, “दोष जागेचा आहे, की दाताचा?”

या प्रश्नापाशी सगळं सुटतं, असं मला वाटतं. मुलीचे दात पांढरे, निरोगी. फक्त जागा चुकलेली. त्यांना झाकायचं कशासाठी? पण यवतमाळ जिल्ह्यातल्या माझ्या एका मित्राची गोष्ट उलटी. तिकडं आणि चंद्रपूरकडं काही गावांच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. लहानपणी, पक्के दात घडत असताना ते पाणी पोटात गेलं की दातांवर खडूसारखे, पुढं तपकिरी डाग उमटतात. ते ब्रशनं जात नाहीत. मित्राचे दात रांगेत सरळ उभे, पण असे डागाळलेले, की चाळिशीपर्यंत तो सभेत बोलला नाही. त्याला अलायनर काय देणार? त्यानं पुढच्या दातांना व्हीनीअर लावली आणि आता तो बोलायचा थांबत नाही. तुटलेला कोपरा, बेढब आकार, गोळ्यांनी आतून काळवंडलेला दात, इथं व्हीनीअर कामाचं. तेही आधी साधं कॉम्पोझिट किंवा डाग घालवायचे सौम्य उपाय करून भागतं का, ते विचारून. माझ्या तुटक्या दातालाही त्या वेळी थोडं भरण पुरलं असतं, हे मला पन्नाशीत कळलं. कधी दोन्ही लागतात. तेव्हा आधी दात सरळ करतात आणि मग चकती लावतात. दात रांगेत आला की घासावंही कमी लागतं.

खर्चाचं बोलायचं तर आठ-दहा दातांची सिरॅमिक व्हीनीअर काय किंवा पूर्ण अलायनर काय, लाखाची भाषा निघते. सावंगी मेघेला दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. निदान दुसरं मत घ्यायला तिथं जाता येतं. हिरड्यांतून रक्त येत असेल, दात हलत असतील तर दोन्ही उपाय थांबवून आधी हिरड्या बऱ्या करायच्या. आणि आपल्या भागात हे सांगायलाच हवं, की खर्रा चालू ठेवून हास्य विकत घेऊ नये. सुपारी फोडताना चकती उडते, साच्यात खर्रा अडकतो, आणि तोंड उघडायचंच बंद झालं तर सरळ दात दाखवणार कुणाला?

घरबसल्या ठसा पाठवा, आम्ही साचे पाठवतो, असं सांगणाऱ्यांपासूनही सावध राहावं. अमेरिकेतली स्माईलडायरेक्टक्लब ही याच धंद्यातली मोठी कंपनी 2023 च्या डिसेंबरमध्ये बंद पडली आणि तिचे ग्राहक अर्ध्या वाटेवर राहिले. एक्स-रे न काढता, हिरड्या न बघता दात हलवणं म्हणजे पाया न बघता भिंत ढकलणं.

मुलीनं अलायनर निवडले. बावीस साचे, सुमारे अकरा महिने, निम्मे पैसे तिच्या पगारातले. फुफी म्हणाली, “मग निकाहच्या फोटोत दात वाकडाच येणार की!” मुलगी म्हणाली, “येऊ द्या. मुलाकडच्यांनी तो बघूनच हो म्हटलंय.”

निकाहच्या दिवशी ती आठव्या साच्यावर होती. तिचे मामू वकील म्हणून दोन साक्षीदारांसह आत गेले, मी दाराशी उभा. आदल्या रात्री माझ्या मनात उगीच येऊन गेलं होतं, की ऐन वेळी जीभ अडखळली तर? मामूंनी विचारलं, तिनं उत्तर दिलं. ‘कबूल है’मध्ये ‘स’ नाही, ‘च’ नाही. स्वच्छ ऐकू आलं. जेवायच्या वेळी तिनं साचा काढून डबीत घातला आणि डबी माझ्याकडं दिली. “अब्बा, पत्रावळीशेजारी ठेवू नका,” म्हणाली. पाठवणी होईपर्यंत ती माझ्या शेरवानीच्या खिशात होती.